एमआरआयच्या रिपोर्टवर ‘व्हायरल एन्सेफलायटिस’पुढे प्रश्नचिन्ह का असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६२ वर्षांचे. चार दिवस ताप आणि डोकेदुखी, पाचव्या दिवशी घरातली माणसं ओळखेनात, बरळायला लागले, रात्री फिट आली. तालुक्याच्या गावी काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल. दुसऱ्या दिवशी शहरात एमआरआय झाला. त्यात डाव्या टेम्पोरल लोबच्या (कानाजवळचा मेंदूचा भाग) आतल्या भागात आणि इन्सुलामध्ये सूज आहे, आणि शेवटच्या ओळीत ‘व्हायरल एन्सेफलायटिस? फिटनंतरचे बदल? ऑटोइम्यून?’ अशी तीन प्रश्नचिन्हं आहेत. व्हायरल एन्सेफलायटिस म्हणजे विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज. मणक्यातल्या पाण्याची हर्पीससाठीची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, निगेटिव्ह आली, तरी हर्पीसवरचं औषध असायक्लोव्हिर चालूच आहे. नात्यातले एक जण म्हणतात की हा पॅरालिसिसचाच प्रकार आहे. तुम्ही विचारताय की सीटी नॉर्मल, पीसीआर निगेटिव्ह, एमआरआयवाल्यांनाच खात्री नाही, मग औषध कशाच्या आधारावर चाललंय? आणि पुन्हा एमआरआय केला तर पक्कं कळेल का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि मेंदूचे एमआरआय वाचणं हेच माझं रोजचं काम आहे. वडिलांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालंय हे इथे बसून सांगणार नाही. ते त्यांना तपासणारे न्यूरोलॉजिस्टच सांगू शकतात. पण असा रिपोर्ट लिहिताना आमच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते नक्की सांगता येईल, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. एमआरआय आजाराचं नाव सांगेल अशी तुमची अपेक्षा आहे. एमआरआयमध्ये विषाणू दिसत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात पाणी साचलंय, कुठल्या पेशी फुगल्यात, कुठे रक्त झिरपलंय, एवढंच दिसतं. पुराचे फोटो पाहून पाणी कुठवर चढलं ते कळतं, कुठल्या धरणाचे दरवाजे उघडले ते मात्र अंदाजानेच ठरवावं लागतं. आमचा अंदाज तीन गोष्टींवर चालतो: जागा कोणती, आजाराचा कितवा दिवस, आणि पेशंटची हकीकत काय.

सीटीचं आधी संपवू. हर्पीसच्या एन्सेफलायटिसमध्ये सुरुवातीच्या दिवसांत सीटी नॉर्मल येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून तो वाया गेला असं समजू नका. मोठा रक्तस्राव नाही, गाठ नाही, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही, हे त्यातून कळलं आणि मणक्यातलं पाणी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. सीटीचं काम तेवढंच होतं.

आता एमआरआय. त्यात एकच फोटो नसतो, वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या प्रतिमांचे गठ्ठे असतात. त्यांना आम्ही सिक्वेन्स म्हणतो. ताप आणि बरळणं अशी हकीकत असली की मी पहिल्यांदा डिफ्यूजन उघडतो. पेशी फुगल्या की तिथल्या पाण्याच्या कणांची हालचाल अडते आणि तो भाग डिफ्यूजनवर चमकतो. अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत, बाकीचे सिक्वेन्स अजून गप्प असताना, इथे खूण सापडू शकते. त्यानंतर फ्लेअर. त्यात मेंदूभोवतीचं नेहमीचं पाणी काळं करून टाकलेलं असतं, त्यामुळे सुजेचं पाणी तेवढं पांढरं उठून दिसतं. मग रक्ताचे बारीक ठिपके पकडणारा एसडब्ल्यूआय, आणि शेवटी कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेल्या प्रतिमा. पेशंट हलत असेल तर हे सगळं अस्पष्ट येतं. बरळणारा, हातपाय झाडणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटं त्या बोगद्यात स्थिर राहणं अवघडच. तुमच्या रिपोर्टवर ‘मोशन आर्टिफॅक्ट’ असा शेरा असेल तर रिपोर्टचा निम्मा जोर तिथेच गेला असं समजा. अशा वेळी भूलतज्ज्ञ बोलावून शांत झोपवून केलेला एमआरआय खर्चाला महाग, पण उपयोगाचा असतो.

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत: टेम्पोरल लोबचा आतला भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा अमिग्डला, डोळ्यांच्या वरचा कपाळामागचा भाग, इन्सुला, आणि दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवरची सिंग्युलेट नावाची घडी. स्मरणशक्ती, भावना, वागणूक यांचा कारभार इथूनच चालतो. म्हणून हे पेशंट आधी विसरतात, चिडतात, विचित्र बोलतात, आणि कधीकधी मानसिक आजार समजून भलत्याच ठिकाणी नेले जातात.

पडद्यावर माझी नजर दोन गोष्टींवर थांबते. पहिली म्हणजे इन्सुलाची आतली कड. इन्सुला ही कानाच्या वरच्या पातळीला, मेंदूच्या खोल घडीत दडलेली पट्टी. हर्पीसमध्ये ती फ्लेअरवर पांढरी आणि जाड होते, आणि ही पांढरी पट्टी आत पुटामेन नावाच्या शेजारच्या खोल भागाच्या बाहेरच्या कडेला येऊन एकदम थांबते. पुटामेन सहसा सुटतं. दुसरी गोष्ट म्हणजे विरुद्ध बाजू. आजार डावीकडे ठळक असला तरी मी उजव्या इन्सुलात आणि सिंग्युलेटमध्ये मुद्दाम शोधतो. तिथे पुसटसा का होईना पांढरेपणा सापडला की हर्पीसचं पारडं जड होतं, कारण हा आजार दोन्हीकडे जातो पण सारखा जात नाही. वडिलांच्या रिपोर्टात फक्त डावी बाजू आहे. सहाव्या दिवशी तसं असू शकतं.

नातेवाइकांचं पॅरालिसिसचं म्हणणं इथेच तपासता येतं. पॅरालिसिसमध्ये एक रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्या हद्दीतला मेंदू मरतो, हद्दीबाहेरचा नाही. इन्सुलाला रक्त मिडल सेरेब्रल धमनीकडून येतं, हिप्पोकॅम्पसला मुख्यतः मागच्या धमनीकडून, आणि सिंग्युलेटला पुढच्या. एकाच गुठळीने हे सगळे भाग पकडले जात नाहीत. शिवाय मिडल सेरेब्रलचा मोठा झटका असेल तर बऱ्याचदा पुटामेनही जातं, जे हर्पीसमध्ये वाचतं. आणि हकीकतही जुळत नाही: पॅरालिसिस मिनिटांत येतो, त्याआधी चार दिवस ताप चढत नाही. याला अपवाद आहेत. नागीण ज्यामुळे उठते तो व्हेरिसेला झोस्टर विषाणू रक्तवाहिन्यांनाच सूज आणतो आणि त्यातून खराखुरा पॅरालिसिस होतो. टीबीच्या मेंदूज्वरातही तसं होतं. म्हणून रक्तवाहिन्यांचा सिक्वेन्स, एमआरए, काढलाय का हे विचारून घ्या.

फिटनंतरचे बदल हे दुसरं प्रश्नचिन्ह, आणि ते लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. बराच वेळ चाललेल्या किंवा लागोपाठ आलेल्या फिटमुळे हिप्पोकॅम्पस सुजतो, डिफ्यूजनवर चमकतो, त्याच बाजूच्या थॅलॅमसचा (मेंदूच्या मधोमध असलेला भाग) मागचा भागही चमकू शकतो. हे बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरतात. पण एकाच छोट्या फिटने हिप्पोकॅम्पस आणि इन्सुला दोन्ही एवढे सुजणं मला पटायला जड जातं. तापाची जोड असताना तर जास्तच. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख म्हणजे ईईजी झाला असेल तर त्यात टेम्पोरल भागातून ठरावीक अंतराने येणाऱ्या लहरी दिसल्या का, हे न्यूरोलॉजिस्ट पाहतीलच.

तिसरं प्रश्नचिन्ह ऑटोइम्यूनचं: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते. वडिलांच्या वयात एलजीआय-वन नावाच्या अँटिबॉडीचा प्रकार आठवावा लागतो, कारण तोही हिप्पोकॅम्पसलाच पकडतो. फरक असा की तो बहुतेक वेळा आठवड्यांच्या गतीने येतो, ताप नसतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, आणि चेहरा व हात एकाच बाजूला क्षणभर ओढले जाण्याचे झटके दिवसातून कितीतरी वेळा येतात. एमआरआयवर तो बहुधा हिप्पोकॅम्पसच्या आसपासच राहतो, इन्सुलाची साफ कड आणि रक्ताचे ठिपके सहसा दाखवत नाही. वडिलांची हकीकत त्यापेक्षा घाईची वाटते. तरी अँटिबॉडीची तपासणी पाठवलेली असेल तर ते योग्यच आहे.

आता पीसीआर निगेटिव्ह आल्याचं. ही तपासणी फार चांगली आहे, हर्पीस असेल तर ९५ टक्क्यांच्या आसपास वेळा सापडवते. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी काढलं तर ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून हकीकत आणि एमआरआय दोन्ही हर्पीसकडे बोट दाखवत असतील तर जगभरची पद्धत अशी आहे: असायक्लोव्हिर बंद करायचं नाही, तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढायचं. वडिलांचं पाणी लक्षणं सुरू झाल्याच्या कितव्या दिवशी काढलं, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. ‘लक्षणं’ म्हणताना तापाचा पहिला दिवस वेगळा आणि बरळण्याचा पहिला दिवस वेगळा सांगा. बहुतेक केसपेपरवर दोन्हींची सरमिसळ झालेली असते आणि मग ‘दिवस पहिला’ कुठला, हेच ठरत नाही.

औषध आधी आणि खात्री नंतर, हा हट्ट कुठून आला तेही सांगतो. औषध नव्हतं तेव्हा हर्पीस एन्सेफलायटिसचे सुमारे ७० टक्के पेशंट दगावायचे. १९८४ मध्ये स्वीडनमधून आणि १९८६ मध्ये अमेरिकेतून असायक्लोव्हिरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतल्या चाचणीत जुन्या औषधावर ५४ टक्के आणि असायक्लोव्हिरवर २८ टक्के मृत्यू झाले. त्या काळात निदानासाठी कवटी उघडून मेंदूचा तुकडा काढावा लागायचा. पीसीआर नंतर आली. पेशंट शुद्धीत असताना औषध सुरू झालं तर निकाल चांगला लागतो आणि बेशुद्ध झाल्यावर सुरू झालं तर वाईट, हेही तेव्हापासून दिसत आलंय. त्यामुळे एमआरआयच्या रिपोर्टची वाट पाहत औषध अडवून ठेवणारा डॉक्टर मला खटकतो, प्रश्नचिन्ह असतानाही देणारा खटकत नाही.

डोस मोठ्या माणसांना साधारणतः वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, आठ-आठ तासांनी, शिरेतून, १४ ते २१ दिवस. आठवड्याने माणूस बोलायला लागला की घरचे म्हणतात, आता गोळ्या द्या आणि घरी सोडा. या आजारात ते चालत नाही, कारण गोळ्यांतून मेंदूपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही. पूर्ण कोर्सनंतर आणखी तीन महिने व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या देऊन पाहण्याची चाचणीही झाली आहे, त्यातही फायदा दिसला नाही. मूत्रपिंडाकडे मात्र लक्ष हवं. हे औषध तिथे खड्यांसारखं साचू शकतं, म्हणून सलाइन पुरेसं चालू ठेवतात आणि क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी वरचेवर बघतात. कॉन्ट्रास्टचा एमआरआय ठरत असेल तर तोच आकडा आम्हालाही लागतो.

इथवरचं एका दमात: सीटी नॉर्मल असण्याला फारसा अर्थ नाही, लवकर काढलेल्या पाण्याची पीसीआर निगेटिव्ह असण्याला थोडाच अर्थ आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या जागा ताप व बरळण्यासोबत आल्या तर हर्पीसच आधी धरून चालायचं. डॉक्टर तेच करतायत.

समजा एमआरआय पूर्ण नॉर्मल असता तर? तरीही सुटका नाही. हर्पीसमध्ये दाखल झाल्यापासून ४८ तासांत काढलेला एमआरआय साधारण ९० टक्के वेळा बिघडलेला असतो. उरलेल्या दहांमध्ये आपला पेशंट नाही असं पहिल्या दिवशी कोण सांगणार? लहान बाळांत तर आणखी पंचाईत. नवजात बाळाच्या मेंदूत मुळातच पाणी जास्त असतं, त्यामुळे फ्लेअरवर सूज उठून दिसत नाही, सगळी भिस्त डिफ्यूजनवर. आणि बाळांमध्ये हा विषाणू टेम्पोरल लोबची शिस्त पाळतच नाही.

दुसऱ्या विषाणूंची जागा वेगळी असते, आणि आपल्याकडे हा फरक रोज उपयोगी पडतो. जपानी एन्सेफलायटिस म्हटलं की दोन्ही थॅलॅमस. मेंदूच्या मधोमध दोन बाजूंना असलेले हे भाग फ्लेअरवर पांढरे होतात, कधी त्यात रक्त झिरपतं, सोबत मिडब्रेनमधला सबस्टॅन्शिया नायग्रा आणि बेसल गँग्लिया, हे हालचालींवर ताबा ठेवणारे भाग. पेशंट बरा होताना पार्किन्सनसारखा ताठर, थरथरणारा दिसतो तो त्यामुळेच. भातखाचरात वाढणारे क्युलेक्स डास, बगळे आणि डुकरं अशी त्याची साखळी. म्हणून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर आलेल्या तापाच्या पेशंटचे थॅलॅमस मी आधी बघतो. त्याचं निदान पाण्यातल्या किंवा रक्तातल्या आयजीएम अँटिबॉडीच्या तपासणीवर होतं, विषाणूवर औषध नाही, लस आहे. डेंगीही थॅलॅमसलाच पकडू शकतो, मध्ये काळा ठिपका आणि भोवती कडं असं चित्र दोन्ही बाजूंना दिसतं. पण दोन्ही थॅलॅमस पांढरे म्हणजे विषाणूच, असं धरून चालणं धोक्याचं. खोल शिरांमध्ये गुठळी झाली तरी तसंच दिसतं, आणि दारूमुळे किंवा सततच्या उलट्यांमुळे थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपलं तरी. या दोन्हींवर इलाज आहे, आणि तो त्याच दिवशी करावा लागतो.

चांदीपुरा विषाणू तर आपल्याच मातीतला. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला, आणि २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. सँडफ्लाय चावून तो पसरतो. सकाळी तापलेलं मूल एक-दोन दिवसांत कोमात जातं, आणि अनेकदा एमआरआयपर्यंत पोचतच नाही. पोचलं तरी ओळखण्यासारखी ठरावीक खूण मिळेल याचा भरवसा नाही. इथे एमआरआयच्या मागे धावण्यापेक्षा श्वास, फिट आणि मेंदूची सूज सांभाळणारा आयसीयू गाठणं महत्त्वाचं.

टीबी मी वेगळा काढून सांगतो, कारण आपल्या देशात त्याला विसरून चालत नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूच्या तळाशी आवरणं जाड चमकली, मेंदूतल्या पोकळ्या फुगल्या, पाण्यात साखर कमी आणि प्रथिनं बरीच जास्त, तर दिशा बदलते. वडिलांचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय झाला असेल तर पुढच्या वेळी कॉन्ट्रास्टसह करा असं मी म्हणेन, अर्थात क्रिएटिनिन परवानगी देत असेल तर.

पुन्हा एमआरआय कधी? पक्कं करण्यासाठी उद्याच करा असं मी सांगणार नाही. आधी पाणी पुन्हा तपासा, खात्री तिथून मिळण्याची शक्यता जास्त. एमआरआय पुन्हा करण्याची माझी कारणं ही: शुद्ध आणखी हरपणं, नव्याने फिट किंवा हातापायात अशक्तपणा, दुसरी पीसीआरही निगेटिव्ह येऊन निदान लोंबकळत राहणं, किंवा औषध चालू असून आठवड्याने काहीच उतार नसणं. दुसऱ्या आठवड्यातला एमआरआय पहिल्यापेक्षा वाईट दिसतो, याची मनाची तयारी ठेवा. कॉन्ट्रास्ट घेणारे वळ उठतात, एसडब्ल्यूआयवर काळे ठिपके येतात, रिपोर्टात ‘हेमरेजिक’ (रक्तस्राव असलेला) शब्द येतो, आणि त्याच वेळी पेशंट बसून चहा पीत असतो. तब्येत सुधारत असेल तर त्या शब्दाने घाबरू नका, पण वडील अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

डाग पूर्ण जाईल का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. सूज उतरते. जिथल्या पेशी मेल्या तिथे महिन्यांनी आकसलेली, पाण्याने भरलेली जागा उरते आणि हिप्पोकॅम्पस बारीक दिसतो. माणूस कितपत सावरेल हे त्या जागेच्या आकारावरून ठरवू नका. नव्या गोष्टी लक्षात न राहणं, नावं आणि शब्द न सापडणं, हट्टीपणा, पुन्हा फिट, हे डाव्या बाजूच्या आजारात अपेक्षित असतं आणि त्यासाठी महिनोन्‌महिने सराव लागतो.

घरी आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. सुधारलेला माणूस पुन्हा भ्रमिष्टासारखा वागायला लागला, झोप उडाली, तोंडाच्या किंवा हाताच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर ‘हर्पीस उलटला’ एवढ्यावर थांबू नका. हर्पीसनंतर काहींच्या शरीरात मेंदूविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात ५१ पैकी १४ जणांना असं झालं. यात एमआरआय फारशी मदत करत नाही, अँटिबॉडीची तपासणी करते, आणि उपचार स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिनचा असतो.

‘हर्पीस’ हे नाव ऐकून घरात कुजबूज होत असेल तर सरळ सांगा: तापानंतर ओठांवर पुळ्या आणणारा हा विषाणू, बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो लहानपणापासून दबून असतो. यात वडिलांच्या वागण्याचा काही संबंध नाही, आणि शुश्रूषा करणाऱ्यांना त्यांच्यापासून मेंदूज्वर लागत नाही.

शेवटी कामाचं. एमआरआयची नुसती फिल्म घेऊन ठेवू नका, सीडी मागून घ्या आणि तीत सगळे सिक्वेन्स आहेत का ते तिथेच उघडून पाहायला सांगा. दुसरा एमआरआय दुसऱ्या सेंटरवर होणार असेल तर ती सीडी आणि पहिला रिपोर्ट सोबत द्या. पहिल्या प्रतिमा समोर नसतील तर आजार वाढला की उतरला, हे सांगायला आमच्याकडे काही साधनच नसतं.